गिअरबॉक्सचे तेल वेगळे, डिफरन्शियलचे वेगळे

माझी गाडी १९६७ सालची आहे. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, चार गिअर आणि त्यांतल्या पहिल्याला सिंक्रोनायझर (गिअर पडण्याआधी वेग जुळवून देणारा भाग) नाही, अशी तिची साधी रचना आहे. सकाळी गाडी थंड असताना पहिल्यावरून दुसऱ्या गिअरमध्ये जाताना दात घासल्याचा कर्कश आवाज येई. मग पहिले चार-पाच किलोमीटर प्रत्येक वेळी डबल क्लच करावा लागे, म्हणजे क्लच दाबून गिअर न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा, पुन्हा दाबायचा आणि तेव्हा कुठे दुसरा टाकायचा. गाडी तापली की ही कुरकुर कमी होई, पण पुरती संपत नसे. दोन वर्षे मी ती गाडीच्या वयावर ढकलून दिली.

एकदा डिकीतले सुटे चाक काढताना त्याच्या मागे गिअर ऑइलचा अर्धा भरलेला डबा सापडला आणि माझा समज हलला. डब्यावर जीएल-५, ८०डब्ल्यू-९० असे छापलेले होते. यांतला पहिला तेलाचा दर्जा, म्हणजे ते कितपत दाब सोसते ते, आणि दुसरा त्याच्या दाटपणाचा क्रमांक. आधीच्या मालकाने दिलेल्या कागदांत ‘गिअर ऑइल बदलले’ एवढीच एक ओळ होती. कोणते, किती आणि कुठे, यांपैकी काहीच नव्हते. एकाच डब्यातले तेल गिअरबॉक्समध्येही गेले आणि डिफरन्शियलमध्येही, म्हणजे मागच्या दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीतही, असा संशय मला तेव्हा आला. दोन्ही ठिकाणी दातेरी चाकेच तर फिरतात, मग तेल एकच का नको, असे कोणालाही वाटेल. मलाही तोवर तसेच वाटत होते.

खरे पाहता या दोन पेट्यांचे काम एकमेकांच्या उलट आहे. डिफरन्शियलमधले पिनियन (लहान दातेरी चाक) आणि क्राउन व्हील (त्याने फिरणारे मोठे चाक) हायपॉइड पद्धतीचे असतात. पिनियनचा आस क्राउन व्हीलच्या मध्याच्या खाली सरकवलेला असतो, त्यामुळे गिअरबॉक्सकडून मागे ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट खाली बसतो आणि गाडीची जमीन उंच करावी लागत नाही. १९२० च्या दशकाच्या मध्यास ही रचना आली तेव्हा पॅकार्ड या मोटार कंपनीने ती सुरुवातीलाच उचलली, ती याच सोयीसाठी. पण या सोयीची किंमत दातांना मोजावी लागते. ते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, तर प्रचंड दाबाखाली लांबीच्या दिशेने घसरतातही. साध्या तेलाचा पापुद्रा तिथे टिकत नाही. म्हणून गंधक आणि फॉस्फरसची संयुगे असलेली, अतिदाब सोसणारी तेले लागतात. दात तापले की ही संयुगे पोलादाशी रासायनिक क्रिया करून पृष्ठभागावर एक पातळ, बळी जाणारा थर तयार करतात, आणि पोलादाऐवजी तो थर झिजतो.

गिअरबॉक्समध्ये मात्र घर्षण हवेच असते. १९२८ मध्ये कॅडिलॅकने सिंक्रोमेश, म्हणजे सिंक्रोनायझर असलेला गिअरबॉक्स, आणला तेव्हापासून तत्त्व एकच आहे. पितळेची किंवा कांस्याची एक शंकूच्या आकाराची रिंग गिअरच्या शंकूवर दाबली जाते, घर्षणाने दोघांचा वेग सारखा करते आणि मगच दात एकमेकांत शिरू देते. रिंगेच्या आतल्या बाजूला जे बारीक आटे असतात, ते तेलाचा पापुद्रा कापून धातूला धातू भिडवण्यासाठीच असतात. तिथे हायपॉइडसाठी बनवलेले, घसरडेपणा वाढवणारे तेल भरले तर रिंग पकडायच्या ऐवजी निसटते, आणि वेग जुळण्याआधीच आपण लिव्हर ढकललेला असतो. थंड तेल जाड असल्याने हा पापुद्रा कापायला आणखी वेळ लागतो. माझ्या दुसऱ्या गिअरची सकाळची तक्रार नेमकी अशीच होती.

जीएल-५ तेल पितळ खाऊन टाकते, असेही नेहमी सांगितले जाते. हे बोलणे निराधार नाही, पण थोडे ताणलेले आहे. गंधकाची क्रियाशील संयुगे तापमान वाढल्यावर तांब्याच्या मिश्रधातूंना काळे पाडतात, हे खरे आहे. त्याची परीक्षा घेण्यासाठी घासून चकचकीत केलेली तांब्याची पट्टी गरम तेलात तीन तास बुडवून ठेवतात आणि तिच्या रंगावरून १ ते ४ अशी श्रेणी देतात. आजची बरीचशी जीएल-५ तेले या परीक्षेत चांगली उतरतात. माझ्या मते जुन्या गिअरबॉक्सला त्यांचा मुख्य उपद्रव गंजाचा नसून घसरडेपणाचा आहे. जीएल-४ मध्ये या संयुगांचे प्रमाण साधारण निम्मे असते, आणि गाडीच्या पुस्तिकेनेही माझ्या गिअरबॉक्ससाठी सौम्य, ८० क्रमांकाचे तेल आणि डिफरन्शियलसाठी ९० क्रमांकाचे हायपॉइड तेल सांगितले होते. सगळ्याच गाड्यांना हे लागू पडत नाही. एमजीबीसारख्या काही गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये चक्क २०डब्ल्यू-५० इंजिन ऑइल भरायला सांगितलेले असते. ते वाचून दचकण्याचे कारण नाही, कारण गिअर ऑइलचे आणि इंजिन ऑइलचे क्रमांक दोन वेगळ्या मोजपट्ट्यांवरचे आहेत. ९० चे गिअर ऑइल दाटपणाला जवळपास ५० च्या इंजिन ऑइलएवढेच असते. पुस्तिका उघडल्याशिवाय डबा विकत घेऊ नये, एवढे मात्र प्रत्येक जुन्या गाडीला लागू आहे.

मी गिअरबॉक्ससाठी जीएल-४ आणि डिफरन्शियलसाठी जीएल-५ असे दोन नवे डबे आणले. डिकीतला डबा डिफरन्शियलला खरे तर चालला असता. पण तो कधी उघडला, त्यात ओल शिरली का, हे सांगणारे कोणी नव्हते, म्हणून तो बाजूला ठेवला.

कामाचा पहिला नियम मी फार पूर्वी दुसऱ्या एका गाडीवर हात पोळून शिकले होते. तेव्हा उत्साहाच्या भरात गिअरबॉक्सचा खालचा बूच आधी काढला, तेल सगळे परातीत आले, आणि मग वरचा, म्हणजे तेल भरायचा बूच काही केल्या हलेना. रिकामा गिअरबॉक्स घेऊन ती गाडी अकरा दिवस एका जागी उभी होती. त्यामुळे या वेळी ठरवले की दोन्ही पेट्यांचे भरायचे बूच हाताने फिरायला लागल्याशिवाय तेलाचा एक थेंबही खाली सोडायचा नाही.

गाडी चारही कोपऱ्यांवर स्टँडवर चढवली. चारही का, तर तेलाची पातळी भरायच्या छिद्राच्या खालच्या कडेवरून ठरते, आणि गाडीचे एकच टोक उचलले तर ती पातळी खोटी निघते. दाराखालच्या पट्टीवर पाणसळ ठेवून बुडबुडा मधोमध येईपर्यंत स्टँडच्या खाचा बदलल्या. जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये, हे सर्वांना ठाऊक असते. पण हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना धरतो, आणि ती चाके हवेत गेली की त्याचा उपयोग शून्य होतो, हे उचलताना विसरले जाते. म्हणून मागची बाजू उचलण्यापूर्वी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावले होते. गाडी स्टँडवर बसल्यावर खाली शिरण्यापूर्वी तिला बाजूने चांगला धक्का देऊन पाहिला.

गिअरबॉक्सचा भरायचा बूच डाव्या बाजूला आहे. तारेच्या ब्रशने त्याच्या भोवतीची माती काढली, षटकोनी सॉकेट लावला, आणि तो फारशी खळखळ न करता सुटला. डिफरन्शियलने मात्र दोन दिवस घेतले. तिथला बूच वरून सपाट असून त्याच्या मध्यभागी चौकोनी खाच आहे, आणि ती माती, तेल आणि रंग यांच्या दगडासारख्या घट्ट मिश्रणाने भरलेली होती. जुन्या स्क्रूड्रायव्हरने ती टोकरून तळापर्यंत मोकळी केली. इथे घाई नडते. खाचेत घाण उरली तर चावी पूर्ण आत बसत नाही, आणि अर्धवट बसलेली चावी पहिल्याच जोराला खाचेच्या कडा गोल करते. मापाला जवळपास बसणारी रॅचेटची चौकोनी मान लावण्याचा मोह झाला होता. ती किंचित डुगडुगत होती, म्हणून नेमक्या मापाची चावी मिळेपर्यंत थांबले.

चावी मिळाल्यावरही बूच हलला नाही. त्या संध्याकाळी गंज सैल करणारे तेल फवारले, सकाळी पुन्हा फवारले, आणि पुढच्या दिवशी हॉट एअर गनने बुचाभोवतीचे ओतीव लोखंड दहा मिनिटे तापवले. ज्योत वापरली नाही, कारण हातभर अंतरावर पेट्रोलची टाकी आणि ब्रेकच्या नळ्या होत्या. उद्देश असा की भोवतीचे आवरण आधी प्रसरण पावावे आणि बुचाचे आटे किंचित सुटावेत. मग बुचाच्या तोंडावर पितळी दांडा टेकवून हातोडीने दहा-बारा बेताचे ठोके दिले. चावीला लांब पाइप अडकवून एकसारखा जोर लावला तेव्हा ‘कट्’ असा आवाज झाला. असा आवाज एक तर बूच सुटल्याचा असतो किंवा चावी मोडल्याचा, आणि तो कशाचा हे कळायला अर्धा सेकंद लागतो. बूच सुटला होता.

दोन्ही बूच हलके आवळून गाडी खाली घेतली आणि पंधरा किलोमीटर चालवून आणली. थंड तेल मधासारखे रेंगाळते, आणि तळाला बसलेला कीस तिथेच ठेवून येते. तापलेले तेल त्याला सोबत घेऊन येते. आधीच गिअरबॉक्स रिकामा करून बसले असते तर ही फेरी मारता आली नसती.

पुन्हा तीच मांडणी करून गिअरबॉक्सचा खालचा बूच काढला. हातमोजे असले तरी तेलाची पहिली धार मनगटावर येते, ती आलीच. तेल काळपट तपकिरी होते, आणि त्याचा गंधकाचा उग्र, सडक्या अंड्यासारखा वास गाडीखाली कोंडला. सौम्य तेलाला एवढा वास नसतो, त्यामुळे डब्याबद्दलचा संशय जवळपास पक्का झाला. धार संपून थेंब पडू लागल्यावरही अर्धा तास परात हलवली नाही. मोजपात्रात ओतून पाहिले तर तेल १.४५ लिटर भरले, आणि पुस्तिकेत मात्र १.८ लिटर लिहिलेले होते. म्हणजे गिअरबॉक्स बरेच दिवस अर्धपोटी चालत होता.

जुने तेल पाहिल्याशिवाय टाकून देणे हे मला पत्र न वाचता फाडण्यासारखे वाटते. खालच्या बुचाला चुंबक आहे, आणि त्यावर काजळासारखा गुळगुळीत राखी लेप साठलेला होता. तो चिमटीत चोळून पाहिला. बोटांना खर लागली नाही, म्हणजे ती रोजची झीज होती. त्या लेपात नखाच्या टोकाएवढी एक कपची मात्र सापडली. तिची एक बाजू घासून चकचकीत झालेली आणि दुसरी खडबडीत, तुटल्यासारखी होती. पहिल्या गिअरला सिंक्रोनायझर नसल्याने कोणीतरी कधी गाडी पूर्ण थांबण्याआधी तो टाकला असणार, आणि दाताच्या कडेची ही कपची उडाली असणार, असा माझा तर्क आहे. एकच कपची असल्याने गिअरबॉक्स उघडायचा नाही असे ठरवले. चार-पाच निघाल्या असत्या तर निर्णय वेगळा झाला असता. परात उन्हात तिरपी धरल्यावर तेलाच्या तवंगात सोनेरी चमचम दिसली. ती सिंक्रोनायझरच्या रिंगांची होती. चुंबक पितळ धरत नाही, त्यामुळे ही झीज बुचावर कधीच दिसत नाही, ती तेलातच शोधावी लागते. तेलाला दुधाळ रंग मात्र कुठेच नव्हता, म्हणजे पाणी शिरलेले नव्हते.

माझ्या डिफरन्शियलला खाली बूचच नाही. अनेक जुन्या गाड्यांत तो नसतो. तेल भरायच्या छिद्रातून पारदर्शक नळी आत सोडून हातपंपाने तेल ओढून घ्यावे लागले. नळीचे टोक तिरपे कापले होते, नाही तर ते तळाला चिकटून बसते आणि पंप रिकामाच फिरतो. तळाचा गाळ अशाने पूर्ण निघत नाही, याची मला जाणीव आहे. सगळे साफ करायचे तर मागचे शाफ्ट ओढून पूर्ण गाभाच काढावा लागतो, आणि क्राउन व्हीलचा आवाज बदललेला नसताना तेवढे करणे मला पटले नाही. त्याऐवजी पाव लिटर नवे तेल आत घालून, मागची चाके हाताने फिरवून, तेही ओढून घेतले. दुसऱ्या वेळी आलेले तेल पहिल्याइतके काळे नव्हते.

त्याच वेळी अ‍ॅक्सलच्या वरच्या बाजूचा ब्रीदर पाहिला. करंगळीच्या पेरापेक्षाही लहान असलेल्या या टोपीकडे कोणाचे लक्ष जात नाही. आतली हवा तापून फुगते तेव्हा तिला बाहेर जायला हा एकच रस्ता असतो. माझ्या गाडीवर तो रंगाच्या दोन थरांखाली बुजून गेला होता. रस्ता बंद झाल्यावर दाब ऑइल सीलवर येतो आणि तेल तिथून वाट काढते. डाव्या चाकाच्या ब्रेकप्लेटवर वर्षभर दिसणारा ओलसर डाग मी सीलच्या नावावर लिहून ठेवला होता. टोपीत बारीक तार घालून, ती रॉकेलमध्ये धुऊन, मोकळेपणे हलते आहे ना हे पाहून परत बसवली.

गिअरबॉक्सच्या बुचांचे तांब्याचे वॉशर जुनेच वापरले, पण ते आधी तापवून लाल केले आणि थंड होऊ दिले. एकदा आवळलेले तांबे कडक होते आणि दुसऱ्यांदा नीट दबत नाही, तापवल्यावर ते पुन्हा मऊ होते. डिफरन्शियलच्या बुचाला वॉशर नाही, कारण त्याचे आटे निमुळते आहेत आणि ते आवळतानाच गच्च बसतात. अशा बुचावर जोर काढणे म्हणजे पुढच्या वेळच्या दोन दिवसांची आत्ताच तरतूद करून ठेवणे होय.

तेल भरण्यासाठी धाकट्या भावाला हाताशी घेतले. तो पंप मारत होता आणि मी छिद्राशी डोळा लावून होते, पण मध्येच जागा बदलावी लागली, आणि आवाज आधी त्याचाच आला, “ताई, थांब, येतंय बाहेर!” गिअरबॉक्सला १.८ लिटरला थोडे कमी तेल लागले. छिद्रातून आलेली धार थांबून थेंब पडू लागेपर्यंत वाट पाहिली आणि मग बूच लावला. डिफरन्शियलला अधिक सबुरी लागली. दाट तेल दोन्ही बाजूंच्या नळ्यांत हळूहळू पसरते, त्यामुळे ते छिद्राशी आले तरी पेटी भरलेली नसते. वीस मिनिटे थांबून, चाके फिरवून पुन्हा भरले तेव्हा आणखी दीडशे मिलिलिटर आत गेले. पातळीच्या वर तेल राहू देणे हा कमी तेलाइतकाच दोष आहे. जादा तेल सीलमधून बाहेर पडते, आणि अ‍ॅक्सलमधून निसटले तर थेट ब्रेकच्या अस्तरावर जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी थंड असताना बाहेर काढली. दुसरा गिअर डबल क्लच न करता पडला. आवाज पूर्ण गेला असे म्हणता येणार नाही. लिव्हर घाईने ढकलला तर अजूनही किंचित खरखर येते, कारण रिंगेवरचे जे आटे झिजून सपाट झाले आहेत ते कोणत्याही तेलाने परत येत नाहीत. पण रिंग पकडते आहे हे हाताला कळते. लिव्हर एका जागी क्षणभर अडतो, आणि मग स्वतःहून आत गेल्यासारखा सरकतो. वरच्या दोन गिअरांना पूर्वी फारसा त्रास नव्हता, तरी तेही हलके झाले. डिफरन्शियलची सत्तरच्या वेगाला येणारी गुणगुण जशी होती तशीच आहे.

गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवला होता. आठवड्याने गिअरबॉक्सच्या खालच्या बुचाशी एक डाग दिसला, तो पाव फेरा आवळल्यावर पुन्हा आला नाही. तीनशे किलोमीटर झाल्यावर दोन्ही भरायचे बूच उघडून पातळी पाहिली. डिफरन्शियलला थोडे तेल लागले, गिअरबॉक्सला काहीच नाही. डाव्या ब्रेकप्लेटवरचा डाग पुसून ठेवला होता, तो अजून कोरडा आहे. जुने तेल पेट्रोल किंवा कूलंटमध्ये न मिसळता वेगळ्या कॅनमध्ये भरून वापरलेले तेल स्वीकारणाऱ्या केंद्रात दिले. डिकीतला अर्धा डबाही त्याच्याबरोबर गेला.

नव्या दोन्ही डब्यांवरचे कागद काढून गाडीच्या वहीत चिकटवले आहेत. एकाखाली ‘गिअरबॉक्स’, दुसऱ्याखाली ‘डिफरन्शियल’, आणि त्यांच्या पुढे तारीख, किलोमीटर व भरलेले माप लिहिले आहे. ती कपची पारदर्शक चिकटपट्टीखाली त्याच पानावर लावून ठेवली आहे.